विहिरीची ओटी

कुसाबाई : अशी जवळ ये, चांगुणा. आणखी सरक. कीर्तन उभं राहायला येळ हाय, बुवा अजून चहाच पित्यात. तवर तुला एक आख्यान सांगते. पोथीतलं नाय, आपल्या घरचं.

चांगुणा : सांगा की आत्याबाई. पण आधी हे बघा. हिरवा खण, नारळ, बांगड्या. उद्या विहीर बुजवायच्या आधी तिची ओटी तुम्हीच भरायची. गाणंही सासूबाईंनीच धरायचं, असं बायका म्हणाल्या.

कुसाबाई : लेक सासरी धाडल्यावानी?

चांगुणा : तशीच रीत आहे म्हणे. मी वाढले नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसच्या क्वार्टरात. तिथे नळ. मला कुठलं ठाऊक?

कुसाबाई : मग ऐक. माझं माहेर दारणेकाठी. मोठा दुष्काळ सरला, अन् तिथं नळयोजनेचे साहेब आले. देवळातच नकाशा पसरला. म्हणाले, ज्या वस्तीला विहीर हाय तिला नळ मागून. जिला नाय, तिला आधी.

चांगुणा : आपल्यालाही तेच सांगितलंय ना!

कुसाबाई : तेच. आमच्या शहाण्यांनी इचार केला, विहीरच बुजवू, म्हंजे नंबर वर. समद्यांना लय आनंद. एकटी भागीबाई, माझी भावजय, जाऊन काठावर बसली. म्हणाली, नळाला पाणी येऊ द्या, पहिलं घमेलं मीच टाकीन.

चांगुणा : बरोबरच बोलल्या की.

कुसाबाई : बरोबर बोलणारीला कुठं इचारत्यात बाई? माझ्या भावानं, खंडेरावानं, तिला पोत्यावानी उचलून बाजूला ठेवलं. बाया गातच राहिल्या. अन् मग साहेब बदलला.

चांगुणा : आणि नळ?

कुसाबाई : नवा साहेब, नवा नकाशा. म्हणाला, जिथं विहीर हाय तिथं मोटर बसवू, टाकी बांधू, नळ देऊ. तुमची विहीर कुठंय? खंडेरावानं मातीकडं बोट दाखवलं. साहेब हसला अन् जीपमधी बसला. शेजारच्या वाडीला नळ झाला.

चांगुणा : मग तुमच्या माहेरी पाणी कुठलं?

कुसाबाई : नदीचं. चैतात धार आटली, पाणी खाली डोहात गेलं. भागीबाई शेवाळावरनं घसरली. डोक्यावरचा हंडा तरंगत वर आला, ती नाय आली.

चांगुणा : पण मामी तापाने गेल्या, असं सांगितलं मला लग्नात.

कुसाबाई : तसंच सांगत्यात. ताप म्हटला की कुणाकडं बोट जात नाय.

चांगुणा : आत्याबाई, उद्याचं थांबवायला हवं. ह्यांना सांगते मी. आधी नळ येऊ दे, मग विहिरीचं काय ते बघा. एवढंच तर म्हणायचंय.

(कुसाबाईचा लेक गोटीराम येतो. पायांना मुरूम लागलेला.)

गोटीराम : अगं, इथं काय सासू-सुनेचं? बुवा उभे राहिले. चला पुढं.

चांगुणा : अहो, उद्या ट्रॅक्टर नको. आधी नळ येऊ दे.

गोटीराम : आईनं मामीचं पुराण लावलं वाटतं. आई, तो जमाना गेला. आता आपलं गाव शहराच्या हद्दीत गेलंय. प्लॅन पक्का आहे, शिक्का मारलेला.

कुसाबाई : त्यो बी पक्काच व्हता रे. रंगीत व्हता.

गोटीराम : सगळा गाव एक झाला, अन् माझंच घर आडवं जाऊ? नंबर हुकला तर लोक उभं करतील का मला दारात?

चांगुणा : नदीवरून पाणी तुम्ही आणणार आहात का?

गोटीराम : (पायांचा मुरूम झटकू लागतो.)

चांगुणा : बोला ना.

गोटीराम : काय बोलू? ट्रॅक्टर आज मोकळा मिळाला. उद्या साहेब यायच्या आत बुजलेली दिसायला पाहिजे. दुपारीच मुरमाच्या खेपा विहिरीत ओतल्या. पाणी दिसत नाय आता.

चांगुणा : दुपारी? मी खण आणायला बाजारात गेले तेव्हा? मग ओटी कशाची भरायची?

गोटीराम : भरा की वरनं. रीत ती रीत.

कुसाबाई : मातीची ओटी! बरं. जा गोटीराम, पाय धू अन् कीर्तनाला बस. तुला नळ मिळू दे, असंच मागीन मी देवाकडं. पोटचा हायस.

गोटीराम : मिळणारच आहे, आई. लेखी आहे. ...जातो मी.

चांगुणा : आत्याबाई, आता हो काय?

कुसाबाई : आता नदी. रडू नको, माझ्याकडं बघ. उतरताना हंडा आधी खाली ठेव, मग दगड चाचपून पाय टाक. अन् पाण्यात हात घालायच्या आधी भागीबाईची आठवण काढत जा. माझ्यामागं तिचं नाव घेणारं कुणी नाय.