सगळ्यात जास्त बंद मशीन

डिजिटल कारखान्याच्या अनुदानासाठी सरकारी कचेरीच्या बाकावर ताटकळलेल्या दोघा कारखानदारांपैकी एक तरी गिऱ्हाईक होईल, या हिशोबाने मीटर विकणारा एकजण शेजारीच कान टवकारून बसला.

“लेथ मशीनांना मीटर बसवलं, दादा. कोणाचं मशीन किती फिरलं, सगळं मोबाइलवर दिसतं.”

“वा! मग कामचुकार कोण निघालं?”

“आपले वस्ताद. त्यांचंच मशीन सगळ्यात जास्त बंद. पाठवलं घरी.”

“अरे, ते मशीन थांबवून माप घेतात!”

“ते आत्ता कळलं. माप चुकलं म्हणून माल परत आला ना सगळा.”

“आणि बाकीचे?”

“मशीन नुसतंच फिरवत बसतात. मीटरवर सगळे पहिले!”

“मग वस्तादांना बोलाव परत.”

“घरी जाऊन आलो. काकू म्हणाल्या, दुसरीकडे लागले. कुठे, ते सांगेनात.”

“माझ्याकडे. सोमवारपासून.”

“दादा! परत द्या की त्यांना.”

“ते काय पाना-पक्कड आहेत, मागितलं की द्यायला?”