हर्षदभाईंचं नाक

रत्नप्रभा : काटा नाही, डोकं नाही, शेपूट नाही. ह्याला बांगडा म्हणतेस? भांडी घासायचा स्पंज दिसतोय गो.

अपूर्वा : आत्ये, समुद्री शेवाळ आणि वाटाण्याचं आहे ते. शेवाळाला शेपूट कुठून आणू?

रत्नप्रभा : मग हवंय कशाला?

अपूर्वा : तुझी कोळीणच म्हणते ना, पहिल्यासारखा बांगडा येत नाही म्हणून? समुद्र तापतोय. पुढच्या पोरांनी काय खायचं?

रत्नप्रभा : स्पंज.

अपूर्वा : हस तू. उद्या लॅबमध्ये साहेबलोक चव घेणारेत. गेल्या वेळी सगळ्यांचं एकच, माशाचा वास येत नाही. उद्याही नाही आला तर काम बंद. म्हणून तुझ्याकडे आणलं. अख्ख्या मुलुंडमध्ये तुझ्यासारखं नाक नाही.

रत्नप्रभा : आहे की. वरच्या हर्षदभाईंचं. मी सुरमई नुसती फ्रीजबाहेर काढली तरी त्यांना कळतं.

अपूर्वा : बरं, मी आणलाय तो नवा पॅनच वापर हं.

रत्नप्रभा : हो गो बाय. तू बाहेर बस. मी तळते.

(स्वयंपाकघरातून चुर्र आवाज. थोड्या वेळाने दाराची बेल.)

हर्षदभाई : रत्नाबेन, आपलं ठरलं होतं ना? मच्छी करायची तर खिडकी बंद. वरती माझ्या बायकोने, मीराने, तीन-तीन अगरबत्त्या लावल्या!

अपूर्वा : काय म्हणालात काका? परत बोला ना!

हर्षदभाई : अरे, मी भांडायला नाय आलो बेटा.

अपूर्वा : भांडा! जोरात भांडा! कसला वास आला?

हर्षदभाई : मच्छीचा. दुसरा कसला?

अपूर्वा : नक्की?

हर्षदभाई : एवढी वर्षं तुझ्या आत्याच्या डोक्यावर राहतो. माझ्या नाकाची पीएचडी झाली.

अपूर्वा : काका, हा मासा शाकाहारी आहे! शेवाळ, वाटाणा, वर रवा. मी बनवलाय. उद्या लॅबमध्ये येता? नुसती तक्रार करायची, बस.

हर्षदभाई : शाकाहारी? आणि असा वास? कमाल आहे.

अपूर्वा : घ्या ना एक तुकडी.

हर्षदभाई : जन्मभर वासच घेतला. चव कशी असते, देव जाणे. आण. मीराला सांगू नको.

रत्नप्रभा : हर्षदभाई, थांबा! खाली ठेवा ती.

हर्षदभाई : काय झालं?

रत्नप्रभा : तुकडी शाकाहारीच आहे. तवा नाही.

अपूर्वा : आत्ये!

रत्नप्रभा : वशाटाचा बीडाचा तवा घेतला मी. सासूबाईंपासून त्यावर मासेच तळलेत. तुझ्या पॅनमध्ये पहिली तुकडी टाकली, वासच येईना. तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, तवा जरा मदत करेल पोरीला.

अपूर्वा : म्हणजे काकांना आला तो तव्याचा वास.

हर्षदभाई : बाप रे. ओठापर्यंत आली होती!

रत्नप्रभा : म्हणून तर बोलले. हिचा आनंद बघून गप्प बसले असते, पण तुमचा नेम कसा मोडू?

हर्षदभाई : नाय मोडला ना? मग झालं. ए बेटा, डोळे पूस. नव्या पॅनमध्ये कर परत. मी इथेच उभा राहतो.

अपूर्वा : कशाला?

हर्षदभाई : वास घ्यायला. जो येईल तो खरा सांगणार.

रत्नप्रभा : हे बघा, तेल नवं, पॅन नवा, कालथासुद्धा नवा, लाकडी. टाकली.

अपूर्वा : आला काका?

हर्षदभाई : मसाल्याचा आला. मच्छीचा... सॉरी बेटा.

अपूर्वा : थोडासुद्धा नाही?

हर्षदभाई : खोटं कशाला बोलू?

रत्नप्रभा : आण इकडे. बघू दे.

अपूर्वा : राहू दे आत्ये. उगाच.

रत्नप्रभा : गप गो. ... कड कुरकुरीत झालीय. आत मऊ. तिरफळ थोडं कमी पडलं, ती चूक माझी.

अपूर्वा : उद्या काय सांगू त्यांना?

रत्नप्रभा : सांग, मासा नाही झाला.

हर्षदभाई : मग काय झालंय?

रत्नप्रभा : ते एका तुकडीत कसं कळणार? बसा हर्षदभाई, तुम्हाला केळीच्या पानावर वाढते.