खुर्चीवरची नोटीस

...नाही, हसा तुम्ही! पण तुम्हाला सांगतो, ती नोटीस माझ्याच अक्षरातली आहे. आमच्या लॅबमध्ये, आधी पेशंटच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर होती. ‘व्हिटॅमिनच्या, केसांच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा.’ सोळा वर्षं रक्त काढतोय मी, सोळा वर्षं!

माझ्या ताईचा थायरॉइड मंद. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बाई मजेत होती. पण मला चैन पडेल तर ना! कुठलंसं भाषण ऐकून आलो आणि तिच्या स्वयंपाकघरात सुरू झालो... “ताई, त्या ग्रंथीत हार्मोन तयार होताना फ्री रॅडिकल्स उडतात, ठिणग्याच म्हण. त्या विझवायला अँटिऑक्सिडंट्स लागतात. तुझी कमी पडतायत.” कमी पडतायत हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही! ती म्हणाली, डॉक्टरांना विचारते. मी म्हटलं, “अगं, सोळा वर्षं रक्त काढतोय मी!” आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची ही एवढी मोठी बाटली आणून दिली.

बाटलीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, बायोटिन, केसांच्या गोळ्यांत असतं तेच व्हिटॅमिन. वाचलं कुणी?

दोन महिन्यांनी रक्त काढलं कुणी? मीच! विचारलं काही? छे, घरचाच पेशंट! रिपोर्टात थायरॉइड नुसता उधळलेला. डॉक्टरांनी तिची गोळी निम्मी केली. ताई सुजली, गारठली, बोलता बोलता पेंगायला लागली... आणि मी, सांगायला जीभ रेटत नाही हो, मी तिला म्हणालो, आळस सोड, जरा चालायला जात जा.

मग एक दिवस एका आजोबांनी ती नोटीस वाचून विचारलं, का हो, असल्या गोळ्यांनी काय होतं? मी सुई हातात धरून धडाधड सांगतोय... बायोटिननं मशीन फसतं, थायरॉइड वाढलेला नसताना वाढलेला दिसतो, डॉक्टर गोळी कमी करतात, मग माणूस सुजतो, गारठतो, पेंग... आणि डोळ्यांसमोर ताईच आली. आजोबा बाही वर करून बसलेले, मी सुई खाली ठेवली!

ताईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, “लॅबमध्ये कुणी विचारलं नाही?” मी आपल्या बुटांकडे बघतोय. सोळा वर्षं... आणि ताई शांतपणे म्हणाली, “विचारलं होतं. मीच सांगायला विसरले.”

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

बाटली बंद झाली, रक्त पुन्हा तपासलं, गोळी पूर्ववत झाली, ताई सावरतेय. आणि ती नोटीस मी काढून पेशंटच्या खुर्चीच्या वर, मागच्या भिंतीवर लावली, माझ्या तोंडासमोर. पेशंट कुरकुरतात, अहो, आमची पाठ आहे तिकडे, आम्ही वाचायची कशी?

मी म्हणतो, राहू द्या. तुमच्यासाठी नाहीच ती.