सामाईक मोटरचं कुलूप

...आणि वर पुन्हा लोक विचारतात, वर्धमान हल्ली गप्प का! अहो, गप्प नाही बसणार तर काय करणार? तुम्हाला सांगतो, सांगलीहून बी.एस्सी. होऊन गावी आला तेव्हा काय बोलायचा! कृष्णेवर सगळ्यांची मिळून एक मोटर, पाणी पाळीपाळीनं, आणि कुलपं दोन. मोटरच्या खोलीची किल्ली गुंडाकडं, आतल्या स्टार्टरच्या पेटीची दादासोकडं, दोघंही पाण्याचे वाटेकरी. गुंडा म्हणायचा, "आधी तुजी दाव, मग माजी काढतो." दादासो म्हणायचा, "तू आधी काढ, गड्या!" दोघं बांधावर, किल्ल्या कमरेला, पाणी नदीत! किल्ली कुणाकडं? दोघांकडं... आणि मोटर बंद.

वर्धमान पेटला. "एक कुलूप, एक किल्ली! पाळी सरली की देवळातल्या खुंटीला अडकवायची. संपलं!" आणि जादाची किल्ली? भिरकावली की कृष्णेत, सगळ्यांदेखत! "दोन किल्ल्या आल्या की दोन मालक आले!" काय टाळ्या पडल्या म्हणता! आणि चाललंही हो, झकास चाललं...

मग आलं एकाहत्तर साल. पलटणीतला लालासाहेब रजेवर आलेला, उसाला पाणी पाजत होता, तोच तार... रजा रद्द, हजर व्हा! त्यानं मोटर बंद केली, कुलूप घातलं, पळत एसटी गाठली. किल्ली कुणाकडं? सरहद्दीवर!

फोडायचं ना कुलूप, तुम्ही म्हणाल. गेला की वर्धमान घण घेऊन! तर मोटरच्या खोलीच्या उंबऱ्यात लालासाहेबची आई, साळूबाई. "बाबा, पोरानं जाताना सोताच्या हातानं घातलंय त्ये. त्यो येस्तवर मोडू नगंस. इपरीत व्हतं." सांगा, तुम्ही मारला असता घण? त्यानं खाली ठेवला. घरी वर्धमानची आई, पद्मावती, रोज विचारायची, "हळदीला पानी कवा रं?" वर्षाचं सगळं त्या हळदीवर! पानं करपली. कंद काढला तर करंगळीएवढा, सुरकुतलेला, पुढच्या लागणीलाही कामाचा नाही...

लालासाहेब सुखरूप आला. रान बघून म्हणतो कसा, "आरं, येक कुलूप मोडाय आलं न्हाई व्हय तुमास्नी?" आणि साळूबाई? "मी बी त्येच म्हनत हुते!"

पुन्हा बैठक. ठरलं, किल्ली एका भरवशाच्या माणसाकडं ठेवायची. आता कुणीही वर्धमानच्या दारात ओरडतं, किल्ली कुणाकडं? तो मुकाट्यानं काढून देतो. त्यालाच का नेमलं? अहो, गुंडानंच नाव सुचवलं... "ह्येचं रान औंदा मोकळंच हाय. ह्यो कशाला पानी चोरंल?"