माळवदावरचं ऊन हैदराबादेत

सभेचे अध्यक्ष माननीय सुंदरराव देशमुख, मंचावरचे तहसीलदारसाहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या डॉक्टर वत्सलाबाई, समोरचे बीडकर बंधू आणि चिकाच्या पडद्याआड बसलेल्या आयाबहिणींनो, या वाहेद फळवाल्याचा आपणां सर्वांना आदाब आणि नमस्कार.

सीताफळं विकणाऱ्या माणसानं विज्ञान परिषदेवर काय बोलावं? पण त्या परिषदेत जे घडलं, ते माझ्या घरचंच. माझी बीबी खतीजा हिचं नाव भरसभेत घेतो आहे, ते तिची परवानगी घेऊन.

बाळंतपणानंतर खतीजाची कंबर धरली. मूल तर हाती लागलंच नाही, वर तिला उभंही राहवेना. हकिमांचे काढे झाले, दर्ग्याचे ताईत झाले. शेवटी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी तिचे पाय दाबून पाहिले, मग बिनखिडकीची ती आतली खोली पाहिली आणि विचारलं, "हिला ऊन कधी लागलं होतं?"

"निकाह झाल्यापास्नं न्हाई," माझी आई बीबीजान ताठ मानेनं म्हणाली.

"तेच दुखणं आहे. उन्हावाचून हिची हाडं मऊ पडलीत. दूध द्या आणि रोज अंगाला ऊन लागू द्या."

आई उसळली. "सुनंला काय बाजारातल्या पपईवानी उघड्यावर मांडू?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माळवदावर चौबाजूंनी कनात लावा. वरचं आभाळ तेवढं मोकळं ठेवा. आभाळाला कसली आलीय नजर?"

दुसऱ्या दिवशी आईनंच मला कनात आणायला पिटाळलं. मी खतीजाला उचलून वर न्यायचो. हिवाळा सरता सरता ती भिंत धरून स्वतःच जिना चढू लागली!

पुढच्या साली उष्णता, प्रकाश आणि वीज यांचा शरीरावर काय परिणाम होतो, यावर हैदराबादेत मोठमोठ्या डॉक्टरांची परिषद भरली. बाईंना बोलावणं आलं. "नुसतं सांगून कोण मानेल?" असं त्या म्हणाल्या, तर खतीजा बोलली, "मग मी येते की." नातलग बिथरले. मीही आतून भेदरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सामान बांधलं.

बाईंचं बोलणं झाल्यावर मुंबईचे एक वृद्ध डॉक्टर उठले. त्यांची शंका रास्त होती. "दूधही चालू होतं. मग गुण उन्हाचाच कशावरून?"

तेव्हा बुरख्यातली खतीजा दारातून निघाली आणि भरल्या सभागृहातून, कुणाचाही हात न धरता, थेट मंचापाशी गेली. म्हणाली, "साहेब, दूध मी बारमाही पीत होते. पावसाळ्यात ऊन गेलं, तसं दुखणं परत आलं. दिवाळीला ऊन आलं, दुखणं गेलं. आता तुमीच सांगा."

मग त्या वृद्ध डॉक्टरांनीच पहिली टाळी वाजवली. मंडळी, त्या टाळ्यांत मी उभा होतो. माझी छाती एवढी कधी भरून आली नव्हती.

त्या परिषदेनंतरच हैदराबादेतल्या जनाना दवाखान्याच्या गच्चीवर ऊन-उपचार सुरू करायचं ठरलं, आणि त्यासाठी आज आपल्या बाई आपल्याला सोडून चालल्या. इकडं मागं काय? अध्यक्ष महाराज, आपल्याही वाड्यावर आता कनात आहे, हे सांगायची मुभा असावी. आणि माझी आई? घरोघर फिरून सासवांना दटावते, "कावून कोंडता गं लेकरांना?"

बाई, तिकडं कुणी विचारलं, हे ऊन पहिल्यांदा कुठं कामाला आलं, तर बीडचं नाव सांगा. तेवढाच आमचा नजराणा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. फळवाल्याची जीभ आहे, एखादा शब्द कच्चा निघाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. खुदा हाफिज, बाई. सांभाळून जा.