तीन मिलिमीटरने दुर्मीळ

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, एवढी दुर्मीळ वस्तू, आणि तुम्ही विकत कशा नाही?" दुर्मीळ, दुर्मीळ, गेले तीन आठवडे हा एकच शब्द ऐकतेय मी. अहो, मला सांगा, एखादी गोष्ट चारच जणांकडे आहे म्हणून लगेच चांगली होते का? दुपारी सलग दोन तास झोपणारं बाळसुद्धा दुर्मीळच की, पण त्याचा निदान आईला काही उपयोग तरी असतो!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल हिला धड सांगताही येत नाही, आणि ते खरंही असेल. तर ही गिटार माझ्या बाबांची. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक. म्हणजे दुकानादुकानांतून हिंडून तराजू, वजनं, मापं, मीटरपट्ट्या तपासायच्या, खोटं निघालं की जप्त करायचं आणि वर चिठ्ठी बांधायची. सदतीस वर्षं हेच. बाबा गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदार पारड्याखालचं मेण खरवडायला लागायचे म्हणे. आणि हाच माणूस संध्याकाळी घरी येऊन गिटार मांडीवर घ्यायचा, खुंट्या पिळून पिळून सगळ्या तारा सुरात लावायचा, त्या सुट्या तारा अगदी गोड बोलायच्या, आणि बोट दाबून वाजवायला लागला की... गेलं! बेसूर! पुन्हा खुंट्या, पुन्हा बेसूर. मग मान हलवून म्हणायचे, "आपलंच काहीतरी चुकत असणार."

हे वाक्य म्हणजे आमचा वडिलोपार्जित ठेवा आहे. बस निघून गेली, आपलंच काहीतरी चुकत असणार. दूध नासलं, आपलंच. परवा बाळाचं वजन दोनशे ग्रॅमनी उतरलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, दात येतायत, काही नाही. आणि मी दवाखान्यापासून घरापर्यंत विचार करतेय, दात येण्यात माझं काय चुकलं असेल?

एकदा ऑफिसच्या संमेलनात बाबांना वाजवायला बसवलं होतं. गाणारी बाई दुसऱ्या ओळीलाच अडखळली आणि बाबांकडे बघायला लागली. साहेब पहिल्या रांगेतून म्हणाले, "निरीक्षक, तुम्ही आपले तराजूच तपासा." सगळे हसले. आई सांगायची, सगळ्यांत जास्त बाबाच हसले. त्यानंतर माणसांसमोर ती गिटार कधी निघाली नाही. वाजवायचे, पण दार लावून, आवाज कोंडून, चोरून काही खाल्ल्यासारखं.

आता आई नाही. वर्षापूर्वी बाबांचा डावा हात गेला, म्हणजे आहे, पण ऐकत नाही, म्हणून ते आमच्याकडे राहायला आले. दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं, बाळ, पाळणा, बाबा आणि गिटार. नवरा काही बोलला नाही, फक्त पाळण्याला अडखळून दोनदा पडला. बाबाच म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी. ज्याचा कान चांगला आहे अशाला."

म्हणून बाळ कडेवर, गिटार खांद्यावर अशी मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी गिटार उताणी केली, पालथी केली, आतल्या शिक्क्यावर बॅटरी मारली आणि एकदम खुर्ची दिली मला. मी म्हटलं, आता काय चुकलं? तर त्यांनी एक स्टीलची पट्टी काढली आणि तारेवर धरली. तार खाली जिच्यावर टेकते ना, ती लाकडाची घोडी, ती कारखान्यातच तीन मिलिमीटर चुकीच्या जागी चिकटवलेली. अख्खा एक गट तसा बाहेर पडला. कारखान्यानं मग पेपरात निवेदन दिलं, परत आणा, बदलून देतो. लोकांनी परत नेल्या, त्यांनी त्या मोडून टाकल्या. मी विचारलं, मग ही कशी उरली? ते म्हणाले, "ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांच्याकडे उरल्या. अशा चार-पाचच असतील."

तुम्हाला सांगते, मी त्या खुर्चीत बसून राहिले. बाळ तारा ओढत होतं, मी थांबवलंसुद्धा नाही.

दुरुस्तीवाले म्हणाले, दोन दिवसांत घोडी हलवून देतो, सुरेल वाजेल. पण मग ही चारचौघींसारखी. आहे तशी ठेवलीत तर एक संग्राहक आहेत, मागाल ते देतील. त्यांनी तिथूनच त्यांना फोन लावला. मी विचारलं, तुम्ही वाजवता का? संग्राहकांना हसूच आलं. म्हणाले, छे, ही वाजवायची नसते, भिंतीवर लावायची. म्हणजे बघा हं, वाजत नाही म्हणून उरली, उरली म्हणून हवी, आणि हवी आहे ती न वाजवण्यासाठी! मलाच कळत नसेल... आपलंच काहीतरी चुकत असणार.

बाबांना सांगायचं की नाही, यात चार दिवस गेले. चाळीस वर्षांनी सांगून काय उपयोग, आणि न सांगून तरी मी झोपणार कशी? शेवटी बाळाला भरवता भरवता सांगून टाकलं, वर बघितलंच नाही.  बाबांनी लगेच ट्रंकेतून आपली सरकारी पट्टी काढायला लावली. मी गिटार धरली, त्यांनी उजव्या हातानं माप घेतलं. एकदा. दोनदा. एवढ्या फरकाला त्यांनी दुकानं बंद केली होती हो. आणि ही रोज त्यांच्या मांडीवर होती, हिला कधी पट्टी लावावीशी वाटली नाही.

मग पट्टी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे मी बरा वाजवायचो?"

"हो, बाबा."

"कशावरून?"

आता काय सांगू? मला आठवत होती ती मी, चौदा वर्षांची, त्यांचं दार उघडून म्हणणारी, बाबा, माझी परीक्षा आहे, बंद करा ना ते. त्यांनी लगेच बंद केलं होतं, वर सॉरी म्हणाले होते. त्यांचा हात आता चालत नाही, आई ऐकायची ती गेली, आणि घरातला उरलेला एकमेव साक्षीदार, म्हणजे मी, दार लावून घ्यायचा. मी नुसती बाळाचं तोंड पुसत राहिले, पुसायला काही नव्हतं तरी.

मग बाबाच म्हणाले, "दुरुस्त नको करूस. पुरावा जाईल." मी म्हटलं, मग संग्राहकांना देऊ? तर ताठ बसले. "खोटं माप विकता येत नाही. गुन्हा आहे." आणि एका कागदावर लिहिलं, जप्त, तीन मिलिमीटर, विक्रीस मनाई, खाली सही. ती चिठ्ठी मी दोऱ्यानं खुंटीला बांधली. काय करणार, एका हातानं गाठ बसत नाही.

काल संग्राहकांचा फोन आला. म्हटलं विकायची नाही, खरं कारणही सांगितलं, मला खोटं धड जमत नाही. तर आकडा वाढवला! म्हणाले, चिठ्ठीसकट द्या, अशी तर जगात एकच असेल. मी बाबांना सांगितलं, बाबा, केवढी मागणी आहे बघा.

त्यांनी विचारलं, "कोण वाजवायचं, ते विचारलं का त्यांनी?"

नव्हतं विचारलं. बाबा भिंतीकडे वळले.

तर सध्या पाळणा स्वयंपाकघरात आहे आणि गिटार कोरड्या खोलीत. बाळाला काय, ओल चालते. पुराव्याला चालत नाही.