रुखमाबाईंच्या कपाळावरचं गोंदण

आपल्या छायाचित्रण मंडळाचे नवे अध्यक्ष सन्माननीय वामनराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि मावळते अध्यक्ष प्रफुल सर, आणि असं ऊन अंगावर घेत इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

प्रफुल सर चंद्रपूर सोडून पुण्याला चालले आहेत. तिथे ते नव्या मुलांना फोटोग्राफी शिकवणार. ‘दोन गोड शब्द बोल,’ असं वामनरावांनी मला सांगितलं. वामनराव, मी शोधले. सापडले नाहीत.

मी रंजीता. मंडळाच्या प्रदर्शनांचे फोटो माझ्या स्टुडिओत छापले जायचे. सरांचा तो बक्षीस मिळालेला फोटो कुणी पाहिला नाही? मोहफुलं वेचणाऱ्या दोघी बायका, मागे पेटल्यासारखं आभाळ, आणि बायका म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या. नाव काय, तर ‘अरण्यछाया’!

त्यातली एक, आरमोरीकडच्या जंगलातल्या गावची सोमारीबाई, नवऱ्याला घेऊन प्रदर्शनाला आली. फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग सरांना म्हणाली, “भाऊ, याच्यात मी कुठी आहो? माही सासू कुठी आहे?”

सर हसले. “बाई, ही कला आहे. यात चेहरा नसतो.”

“सासू गेली ना भाऊ, पावसाळ्यात. तिचा दुसरा फोटोच नाई आमच्यापाशी.”

सर, त्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतं? “मूळ फाइल मी कुणाला देत नाही. आणि देऊन उपयोग काय? काळंच आहे ते.”

काळंच आहे? कॅमेरा हाताळणारे इतके जण इथे बसले आहेत, तुम्हीच सांगा. छापलेल्या फोटोत जे काळंकुट्ट दिसतं, त्यातही कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ, रॉ फाइलमध्ये कितीतरी उजेड दडलेला असतो, हे आम्हाला शिकवलं कुणी? सरांनीच! मोहर्लीच्या बांबूत बसलेल्या वाघाच्या मिशा दिसाव्यात म्हणून ते दिवस दिवस सावल्या उजळत बसायचे. बाईसाठी मात्र सवड नव्हती.

सरांनी फक्त छपाईपुरती म्हणून दिलेली ती रॉ फाइल माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोमारीबाईंना स्टुडिओत शेजारी बसवलं. आभाळाचा झगझगाट उतरवला, सावल्या हळूहळू वर उचलल्या. आधी सगळीकडे दाणे उठले, चेहऱ्यावर वाळू फेकावी तसे. ते निवळवले. कातडीच्या रंगाला हात लावला नाही. त्यांचा सावळा रंग त्यांचाच राहू दिला. टोपली दिसली, मग हात, मग ओठ. त्यांच्या सासूबाई, रुखमाबाई, हसत होत्या! सुनेशी काहीतरी बोलता बोलता हसत होत्या.

सोमारीबाईंनी माझं मनगट धरलं. “थांबा बाई. तिचं गोंदण दिसून राह्यलं.”

मग त्या पडद्याकडे बघत गोंडीत बोलत राहिल्या. मला समजलं नाही. ते माझ्याशी नव्हतंच.

सरांना कळलं आणि फोन आला. “चोर आहेस तू! माझ्या फोटोचा मुडदा पाडलास. चेहरे उजळायचेत तर ब्युटी पार्लर काढ.” मंडळातून माझं नाव गेलं. ‘अरण्यछाया’ मिरवत राहिली. आज या हारांच्या मागच्या भिंतीवरही तीच आहे. वळून बघा, सर. चोरी? ज्यांचा चेहरा, त्यांना मी तो परत दिला.

रुखमाबाई आता सोमारीबाईंच्या घरात भिंतीवर आहेत. रुखमाबाईंची धाकटी बहीण येते, फोटोला विचारते, “काऊन हासून राह्यली व बाई?” आणि स्वतःच हसते.

वामनरावांनी मला परत बोलावलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. सरांची क्षमा मात्र मी मागणार नाही.

सोमारीबाई आज आल्या आहेत. त्या बघा, खिडकीजवळ, हिरव्या लुगड्यात. सर, मी खाली उतरते. त्यांना काही सांगायचं असेल, तर माइक चालू आहे.